पेटीत न टाकलेली चिठ्ठी

११ जानेवारी

छोटे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले म्हणून तोंड फुगवू नकोस. त्याआधीच्या तुझ्या पाच पत्रांना मी उत्तरच दिलेलं नाही, त्या मानाने हे फारच लवकर झालं.

आधी कामाचं बोलते. गळ्यातल्या गाठीचं वाचलं. डॉक्टर साधी म्हणतायत ना, मग साधीच असेल. बावीस फेब्रुवारीला ऑपरेशन म्हणजे अजून सहा आठवडे आहेत. आवाज जायची भीती "थोडी" आहे असं लिहिलंयस. थोडी म्हणजे किती? पाय मोडला होता तेव्हाही तू "थोडं दुखतंय" म्हणत दाराशी उभी होतीस आणि बाबा तुला ओरडत होते की मग रडतेस कशाला.

पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी मिळाली. "ताई, ही तूच आपल्या पेटीत टाक," असं वर लिहिलंस. टाकली. काल बुधवारच होता, प्रार्थनेचं मंडळ भरलं होतं. सगळ्या बायकांनी तुझ्यासाठी मागितलं. झालं समाधान?

तू सोळाव्या वर्षी चर्चकडे पाठ फिरवलीस आणि मग गावाकडेही, त्यामुळे इथलं तुला कितपत आठवतंय कोण जाणे. दाराशी अजून तीच लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची, त्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही. देवाला नाव ठाऊक असतं, आणि बायकांना ठाऊक झालं तर दोन दिवसांत गल्लीभर होतं, म्हणून हा नियम. बाहेरगावच्या माणसाची चिठ्ठी इथलं कुणीतरी टाकतं आणि गप्प बसतं. बुधवारी संध्याकाळी मी पेटी उघडते, चिठ्ठ्या वहीत उतरवते, मोठ्याने वाचते, मग आम्ही अकरा जणी डोळे मिटतो. मागितलेलं मिळालं की टाकणाऱ्याने "झालं" अशी दुसरी चिठ्ठी टाकायची. तोवर पहिली दर बुधवारी वाचायचीच. एकोणीस वर्षं ही वही माझ्याकडे आहे. चर्चमध्ये माझ्याकडे एवढंच आहे.

सध्या एक चिठ्ठी चौदा महिने वहीत ठाण मांडून बसलीय. "एका बाईला नाकारलं गेलंय. तिने देवाशी अबोला धरू नये." अक्षर छापल्यासारखं, एकेक सुटं काढलेलं. माझा संशय बेकरीवाल्यांच्या मुलीवर आहे, तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता तिला दुसरा मुलगा मिळाला, बारसंसुद्धा जवळ आलंय, पण चिठ्ठी काही हलत नाही. मी ती वाचते आणि मनात म्हणते, बाई गं, किती दिवस रुसणार आहेस? आम्हाला काय दुसरी कामं नाहीत?

माझं ठीक चाललंय. वर्कशॉप, मेण, प्लास्टर आणि लोकांचे दात. डॉक्टरांकडून जबड्याचे साचे येतात, मी कवळ्या करून पाठवते. माणसं काही दिसत नाहीत. एका आजीची कवळी दोनदा परत आलीय, "बसत नाही" म्हणून. माझ्या हातची कवळी बसत नाही म्हणजे आजींचं तोंडच वाकडं असणार.

तू तिकडच्या चर्चमध्ये सेविका झालीस, त्याचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं होतं. करते. अभिनंदन.

ताई


२९ जानेवारी

छोटे,

काय हे, लगेच उत्तर! तुला काम नाही का तिकडे, सेविकाबाई? आजारी माणसांच्या भेटी, घराघरांतली प्रार्थना, सगळं कोण करतं मग?

तू लिहितेस की आता रात्री झोप लागते, कारण तिकडे सगळ्या माझ्यासाठी मागताहेत हे जाणवतं. बरं. जाणवू दे. बायका काय बोलल्या ते शब्दाला शब्द हवंय तुला. सगळ्यांचं कुठे लक्षात राहतं? एक जण म्हणाली, "प्रभू, ही पोर घाबरली की थोडंच सांगते. तू थोडं ऐकून पुष्कळ समजून घे." दुसरी म्हणाली, "तिचा आवाज हा तिच्या आईचा आवाज आहे. तो अजून एकदा घरात ऐकायचाय." पुरे आता. मी काय लघुलेखक आहे?

आणि तू विचारलंस, चौदा महिने मी का लिहिलं नाही. माझ्याकडून काय चुकलं, म्हणतेस. तुझं काही चुकत नाही गं, तीच तर माझी पंचाईत आहे.

ऐक मग. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तू इथे नव्हतीस. जुन्या सेविका रोज यायच्या. धर्माच्या मोठ्या गोष्टी बोलायच्या नाहीत. पाणी तापवायच्या, आईचे केस धुवायच्या, जटा सोडवत बसायच्या, आणि जाताना तिचा हात धरून दोन वाक्यं प्रार्थना. मी दारात उभी राहून बघायचे. तेव्हाच ठरवलं, मला हे काम करायचंय. नाव नको, पुढची खुर्ची नको. बरं, खोटं कशाला बोलू, खुर्चीही हवी होती. पण आधी ते काम.

तीन वेळा अर्ज केला. पहिल्यांदा म्हणाले, तुमचं वय लहान आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही नोकरी करता, वेळ कसा देणार. तिसऱ्यांदा समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "तुमची सेवा मोठी आहे ताई, पण तुमचा स्वभाव जरा..." मी म्हटलं, "जरा काय?" तर ते असे दचकले की चष्मा खाली पडला. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि लागला निकाल.

त्याच दिवशी घरी आले तर दाराखाली तुझं पत्र. "ताई, ऐक ना, मला सेविका केलं! मी तर मागितलंही नव्हतं!"

मागितलंही नव्हतं! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पाच वर्षांपूर्वीपर्यंत रविवारी अकरापर्यंत लोळणारी तू. तिकडे जाऊन तुला देव भेटला, चार वर्षांत तुला सगळं वाढून दिलं, आणि इथे जी चाळीस वर्षं पहिल्या घंटेला हजर असते तिला म्हणे स्वभाव. आईचा आवाज तुला मिळाला, आईचे गुडघे मला. आईला तू एका वर्षात एकदा भेटायला आलीस तर ती उठून बसली, मी रोज होते तर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी जळते तुझ्यावर, छोटे. एकदाचं लिहून टाकते. जळते म्हणून लिहिलं नाही. दुसरं कारण नाही.

एक बातमी आहे. आमच्या आताच्या सेविका लेकाकडे राहायला चालल्यात. जागा रिकामी होतेय. मी पुन्हा अर्ज दिला. चौथा. कुणाला सांगू नकोस. समितीला सांगितलंय आणि तुला. तिसऱ्या कुणाला नाही, वरच्यालाही नाही. त्याला सांगून तीन वेळा बघितलं.

ताई

आजींची कवळी तिसऱ्यांदा परत आली.


८ फेब्रुवारी

छोटे,

शिंप्याची सून.

अठ्ठावीस वर्षांची आहे. लग्न होऊन इथे आली त्याला पुरती तीन वर्षंही झाली नाहीत. गोड हसते. आवाज गोड, बोलणं गोड. रविवारी पाळकसाहेबांनी नवी सेविका म्हणून तिचं नाव जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणी माझ्या तोंडाकडे बघू नये.

बाहेर घंटाकाका भेटले. घंटा वाजवायची, दिवे लावायचे, कुलूप घालायचं, गेली कित्येक वर्षं तेच करतात हे तुला ठाऊकच आहे. एकाच शब्दात विचारलं, "घरी?" मी म्हटलं, "मग काय नाचू?" बिचारे किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत फाटकापर्यंत सोबत आले.

आणि तुझं पत्र येऊन पडलेलंच होतं! म्हणे, "मी रोज तुझ्यासाठी मागते आहे, ताई, या वेळी नक्की होईल." बघितलंस? तुझ्यासाठी तो न मागता देतो, आणि तूसुद्धा माझ्यासाठी मागितलंस तर देत नाही. म्हणजे दोष तुझ्या प्रार्थनेत नाही, माझ्या नावातच आहे. तुझा देव आणि माझा देव एकच आहे की नाही, याचीच आता मला शंका येते.

लोक म्हणतात, विश्वास ठेव, त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल. असेल. पण मला कुणी सांगेल का ते काय आहे? मला तर आजींच्या कवळीसारखं वाटतंय. चौथ्यांदा आली परत. तीच चिठ्ठी, बसत नाही. आम्ही दोघी आता मैत्रिणी झालोय.

तू लिहितेस की मी पाठवलेली बायकांची वाक्यं तू मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून पलंगाशेजारी भिंतीवर लावलीस. तो कागद काढ. का ते विचारू नकोस. काढ म्हटलं ना.

ताई


२२ फेब्रुवारी, सकाळी, वर्कशॉपमधून

छोटे,

आत्ता नऊ वाजलेत. तुला आत नेलं असेल किंवा नेत असतील. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं उरकलेलं असेल. काल फोन उचलून तुला सांगावं असं चार वेळा मनात आलं. छाती झाली नाही. म्हणून लिहिते, आणि एका दमात लिहिते, कारण थांबले तर फाडून टाकेन.

तुझी चिठ्ठी मी पेटीत टाकली नव्हती.

सहा आठवडे ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती, जुन्या जबड्यांच्या साच्यांखाली. बायकांनी तुझ्यासाठी काहीही मागितलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. जी वाक्यं मी तुला लिहून पाठवली ती सगळी माझी. मी बसून रचली.

पहिल्या बुधवारी ती हातात घेऊन मी पेटीपर्यंत गेले होते. नियम आहे, टाकणाऱ्याने दुसऱ्याची चिठ्ठी उघडायची नाही. मी उघडली. तू लिहिलं होतंस, "एका सेविकेच्या आवाजासाठी." सेविका हा शब्द वाचला आणि हात मागे आला. "एका बहिणीच्या" असं लिहिलं असतंस तर टाकली असती. नाही, तेही खरं नाही, उगाच तुझ्यावर ढकलत नाही. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. जाऊ दे आवाज. मग हिलाही कळेल, नाही म्हणतात तेव्हा कसं वाटतं.

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल मनात आणलं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून वेणी घातलीय तुझी.

दर बुधवारी वाटायचं, आज टाकू. मग तुझं पत्र यायचं, त्यात "जाणवतं" असायचं, आणि मी जास्तच चिडायचे. मी काहीच केलेलं नाही तरी हिला जाणवतं! आणि मग परवा तुझं शेवटचं पत्र आलं. कागद भिंतीवरून काढलास, म्हणतेस, पण तो घडी घालून दवाखान्यात नेणार आहेस, आत जाईपर्यंत मुठीत धरणार आहेस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. मेणाचं भांडं चुलीवर तसंच राहिलं, करपलं, वर्कशॉपभर वास सुटला. मालक आत डोकावून म्हणाले, "ताई, काय जाळताय?" काय सांगणार त्यांना?

काल बुधवार. शिंप्याची सून पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीत बसली होती, अंग चोरून. मी पेटी उघडली, वही वाचली. नेहमीच्या सात चिठ्ठ्या. सगळ्यात शेवटी ती जुनी, एका बाईला नाकारलं गेलंय. ती वाचून झाल्यावर बायका डोळे मिटायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "थांबा. अजून एक आहे. ही पेटीत नव्हती, माझ्याकडे होती."

आणि सांगितलं. सगळं. तुझं नाव घेऊनच सांगितलं, नियम मोडला तो मोडलाच. अर्ज, तिळपापड, ड्रॉवर, जाऊ दे आवाज, तेही. एक जण "अगं बाई!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. मी वही बंद करून पुढे ठेवली. म्हटलं, ही आता दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या हातात शोभत नाही.

शिंप्याची सून उठली. मला वाटलं, वही घ्यायला आली. ती माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ऑपरेशन उद्या किती वाजता आहे?" बस, एवढंच. पुढची खुर्ची तिने रिकामीच सोडली होती. मी मान वर केली नाही. छोटे, मला ती पोरगी आवडायची नाहीये, पण तिने तसं विचारलं आणि मला आईचे केस धुणाऱ्या सेविकाबाई आठवल्या. समितीचं अगदीच चुकलंय असं म्हणता येणार नाही. हे वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली.

तेवढ्यात मागून किल्ल्या वाजल्या. घंटाकाका. ते नेहमी मागे बसून राहतात, आमचं झालं की कुलूप घालायला. उभे राहिले आणि म्हणाले, "आता नियम मोडलाच आहे तर मीही एक मोडतो. ती चौदा-पंधरा महिन्यांची चिठ्ठी मी टाकलीय."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला कुणी नाकारलं?"

"मला नाही," ते म्हणाले. "मी हिच्या धाकट्या बहिणीला नकाराचं कळवलं होतं, तर तिकडून तिने विनंतीचं पत्र लिहिलं. म्हणे, ताईला तिसऱ्यांदा नाही म्हटलंय, ती माझ्याशी बोलत नाही याचं काही नाही, पण ती देवाशी बोलायची थांबेल, मी ओळखते तिला. ताई माझं अक्षर ओळखेल म्हणून तुम्ही लिहा आणि टाका. मी छापील काढलं. गप्प बसायचं वचन दिलं होतं, ते आज मोडलं."

पंधरा महिने, छोटे! मी वही उघडली. पानामागून पान. माझ्याच अक्षरात. मोजले, पासष्ट बुधवार. पासष्ट वेळा मी स्वतःच्या तोंडाने स्वतःसाठी मागितलं, दहा बायकांना मागायला लावलं, आणि वर त्या बाईला नावं ठेवली की किती रुसते! बेकरीवाल्यांच्या मुलीची आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आणि तुम्ही इतके दिवस माझ्या पोरीकडे का बघत होता ते आज कळलं!" आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. मीही हसले आणि हसता हसता जे रडायला लागले ते आवरेना. शिंप्याच्या सुनेची ओढणी भिजवून टाकली.

आधी मला काय वाटलं माहितेय? यातही तीच पुढे. माझ्यासाठी मागण्यातही हिनेच नंबर लावला, तेही मी तिला एक अक्षर लिहीत नव्हते तेव्हा. मला तुझ्या चांगुलपणाचाही हेवा वाटला, बोल आता!

मग तुझ्यासाठी सगळ्यांनी मागितलं. या वेळी खरोखर, मी समोर होते. माझी पाळी आली. पंधरा महिने मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचत होते, स्वतःचं एक वाक्य त्याच्याशी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "माझा तुझ्यावर अजून राग आहे. का नाही दिलंस ते मला कळत नाही. पण छोटीचा आवाज ठेव." आणि आमेन म्हटलं. सुंदर नव्हतं, पण माझं होतं.

वही कुणी घेतली नाही. काकांनीच उचलून माझ्या पिशवीत घातली.

फोन वाजतोय.

दुपारी एक. मेहुण्यांचा फोन होता. तुला बाहेर आणलं, गाठ पूर्ण काढली, साधीच होती. आवाजाचं आठ-दहा दिवसांनी कळेल. उजव्या मुठीत कागद होता, नर्सने काढायचा प्रयत्न केला तर तू सोडेनास, असं म्हणाले. मी त्यांना काही सांगितलं नाही. तो कागद खोटा आहे, छोटे. आता तू ते वाचलंस. फेकून दे तो, आणि मला काय बोलायचं ते बोल. न बोललीस तरी मला बोलायला तोंड नाही.

ताई


१४ मार्च

छोटे,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं पत्र! बोलता येत नाही तर निदान लिहायला काय झालं होतं?

आवाज घोगरा झालाय, आता असाच राहील, गाणं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे वाचून आधी मनात काय आलं, तेही सांगते, कारण आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. अगदी एक क्षण, बारीकसं, बरं वाटलं. झुरळ दिसावं तसं दिसलं ते मला आणि मी चप्पल घेऊनच धावले. मग आईचा आवाज आता घरात कधीच ऐकू येणार नाही हे लक्षात आलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं ते मला विचारू नकोस.

तुझ्या चर्चने तुलाच सेविका ठेवलंय, घोगऱ्या आवाजासकट, म्हणतेस. ठेवणारच. तुला कोण काढणार? जळते. पण आता जळताना त्याच्याशी बोलते, एवढा फरक आहे. सकाळी मेण तापवताना सांगते, बघ, आजही तिचा हेवा वाटतोय, याचं काय करायचं ते तूच बघ. तो काही उत्तर देत नाही. चौथा अर्ज का नाकारला तेही सांगत नाही. पाचवा मी करणार नाही, असं आज वाटतंय. उद्याचं माहीत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या आजींना सरळ माझ्याकडे पाठवलं. पहिल्यांदाच कवळीच्या मागचं माणूस बघितलं. तोंड अगदी सरळ, वाकडं काहीच नाही. मी निळा कागद दातांमध्ये धरायला लावला आणि चावायला सांगितलं. डावीकडच्या मागच्या दातावर गडद ठिपका, बाकी सगळीकडे फिकट. तो एक दात केसभर उंच. चार वेळा परत आली आणि चारही वेळा मी उजवीकडेच घासत बसले होते, रागात. आजींना म्हटलं, "चूक माझी होती, चिडला असाल." तर म्हणाल्या, "चिडले की! पण टाकून थोडीच दिली? परत पाठवत होते." मी म्हटलं, आजी, प्रवचन नको, तोंड उघडा. पण ते डोक्यातून जात नाहीये.

आजारी माणसांकडे जायला समितीचं पत्र लागत नाही, हे मला या वयात कळलं. आजी एकट्या राहतात. रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे गेले, शिंप्याची सून सोबत होती. तिने गोड प्रार्थना केली. मी केस धुतले.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय. "ताई, कागद फेकायचा कशाला? पहिल्याच दिवशी कळलं होतं ते तूच लिहिलंयस. मी घाबरले की थोडंच सांगते हे त्या बायकांना कुठून ठाऊक? ते जगात फक्त तुला ठाऊक आहे. चिठ्ठी पेटीत पडली नसेल हेही वाटलं होतं. पण माझ्यासाठी मागितलंस ते तू मागितलंस, आणि मला तेच हवं होतं."

मी रचत होते गं. मला वाटलं, मी रचतेय. चिडून, दात-ओठ खाऊन, तुझं तोंड बंद करायला लिहिली होती ती वाक्यं. आणि ती तू मुठीत धरून आत गेलीस. त्याने त्यातलं काय ऐकलं आणि काय सोडून दिलं, त्यालाच माहीत. आवाज ठेव म्हटलं होतं, ठेवला, पण घोगरा करून. मला अजून पटलेलं नाही. सांगितलंय त्याला तसं.

पुढच्या महिन्यात चार दिवस रजा घेऊन तुझ्याकडे येतेय. मेहुण्यांना सांग, स्टेशनवर यायची गरज नाही, पत्ता आहे माझ्याकडे. तू बोलू नकोस, मी बोलेन. पंधरा महिन्यांचं साठलंय.

काल बुधवारी पेटी उघडण्याआधी काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "धाकटीला विचार, ती जुनी चिठ्ठी आता काढायची का? 'झालं' म्हणून टाकू?"

नको, छोटे. त्यांना तसं कळव. अजून झालेलं नाही. राहू दे वहीत, वाचायला मी आहेच.

तुझी
ताई